मेसोनिकिड: खूर असलेले शिकारी आणि त्यांचा हुकलेला मान

खूर म्हटलं की डोळ्यांसमोर येतात गाय, म्हैस, शेळी, घोडा, फार तर सांबर नाहीतर नीलगाय. एकजात गवत-पाला खाणारी जनावरं. डुक्कर तेवढं मिळेल ते खातं, मेलेल्या जनावरालाही तोंड लावतं, पण त्यालाही कुणी शिकारी म्हणत नाही. पळणाऱ्यांना खूर आणि पकडणाऱ्यांना नखं, अशी वाटणी कायमची झालेली आहे असं आपण धरून चालतो. आजच्या जगापुरतं ते बऱ्यापैकी खरंही आहे. पण साधारण ६ कोटी ३० लाख ते ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या काळात आशिया, उत्तर अमेरिका आणि युरोपात प्राण्यांचा एक गट नांदत होता, ज्यांना ही वाटणी मान्य नव्हती. त्यांचं नाव मेसोनिकिड. यांतले पुष्कळसे दिसायला लांडगा आणि तरस यांच्या मधले, डोकं अंगाच्या मानाने मोठं, जबडा दणकट, शेपूट लांब. आणि पायाच्या प्रत्येक बोटाच्या टोकाला नखाऐवजी छोटा खूर.

यांची माहिती शोधायला गेलं की बहुतेक ठिकाणी पहिल्याच ओळीत 'देवमाशांचे पूर्वज' असं वाचायला मिळतं. एके काळी जाणकारांचंही तेच मत होतं. आता तसं कुणी मानत नाही. हा मान त्यांच्याकडे कसा आला आणि कसा गेला, ही हकीकत मोठी रंगतदार आहे आणि ती पुढे येईलच. पण देवमाशांशी नातं जुळलं नाही म्हणून या प्राण्यांना बाजूला सारायचं, हे मला पटत नाही. जवळजवळ तीन कोटी वर्षं टिकलेल्या गटाला कुणाचा तरी पणजोबा असण्याची गरज नसते.

रिकामं मैदान

सुरुवात होते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या संहारापासून. मेक्सिकोच्या युकातान भागात मोठा अशनी आदळला आणि पक्षी सोडून बाकीचे सगळे डायनोसॉर संपले. त्याच सुमारास आपल्याकडे लाव्हाचे थरावर थर साचत होते. सह्याद्रीचा काळा कातळ आणि अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली तो दगड त्याच काळातला. मात्र भारत तेव्हा आशियाला जोडलेला नव्हता, तो हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत होता. मेसोनिकिडांचे सर्वांत जुने अवशेष मिळतात ते चीनमध्ये, म्हणून त्यांचं मूळ घर आशियाच असावं असं बहुतेकांना वाटतं.

संहारातून जे सस्तन प्राणी वाचले ते बहुतेक उंदीर-घुशीच्या मापाचे. जंगल पुन्हा उभं राहिलं, पाला-फळं खाणारे प्राणी हळूहळू आकाराने वाढू लागले, पण त्यांना खाणारं मोठं जनावर मात्र बराच काळ कुणी नव्हतं. आजचे वाघ, कुत्रे, अस्वलं, मुंगूस ज्या एका घराण्यातून आले त्याचे पूर्वज तेव्हा होते, पण जेमतेम मुंगसाएवढे. जागा रिकामी होती, आणि ती सगळ्यात आधी ज्यांनी घेतली त्यांत खुरी प्राण्यांच्या कुळातली ही मंडळी होती.

कुळ म्हणताना थोडं जपून बोलायला हवं. त्या काळातल्या, अजून घोडाही नाही आणि हरीणही नाही अशा पुष्कळ प्राचीन खुरी प्राण्यांना जुन्या पुस्तकांत 'कॉन्डिलार्थ' या एकाच नावाखाली घातलेलं असतं. हा गट म्हणजे खरं तर अडगळीची खोली. कुठे ठेवायचं कळत नाही, मग ठेवा इथे. मेसोनिकिड याच गर्दीतून पुढे आले असं मानतात, पण त्या गर्दीतल्या नेमक्या कोणापासून, यावर अजून एकमत नाही.

पाय आणि दात

खूर स्वतः जीवाश्मात टिकत नाही. तो आपल्या नखांच्याच पदार्थाचा, केराटिनचा, कुजून जातो. मग या प्राण्यांना खूर होते हे कळलं कसं? बोटाच्या शेवटच्या हाडावरून. मांजराचं हे शेवटचं हाड दोन्ही बाजूंनी चपटं, विळ्यासारखं वाकलेलं आणि टोकदार असतं, कारण त्याच्यावर नख बसतं. मेसोनिकिडांचं तेच हाड वरून चपटं, रुंद आणि पुढच्या बाजूला बोथट आहे, आणि टोकाला मधोमध एक चीर आहे. असल्या हाडावर वाकडं नख बसूच शकत नाही. तिथे खूरच हवा.

आता हा खूर बैलाच्या किंवा घोड्याच्या खुरासारखा भला थोरला समजू नका. प्रत्येक बोटाला वेगळा, छोटा खूर, आणि भार पेलायला मागे मांसल गादी असावी. चालणं कुत्र्यासारखं, टाच उचलून बोटांवर. गटातल्या जुन्या प्राण्यांच्या पायांना पाच बोटं होती. पुढे मेसोनिक्समध्ये, म्हणजे ज्याच्यावरून सगळ्या गटाला नाव मिळालं त्या प्राण्यात, चारच राहिली आणि अंगाचा भार मधल्या दोन बोटांच्या मधून जमिनीवर जाऊ लागला. गाय-हरणांच्या पायातही भार असाच मधल्या दोन बोटांवर विभागलेला असतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे यानेच घोटाळा वाढवला.

पायांची बाकीची हाडंही हेच सांगतात. मांजर पंजा वळवून उंदीर दाबून धरतं, झाडावर चढतं, तोंड पुसतं, कारण त्याच्या पुढच्या पायाची हाडं एकमेकांभोवती फिरतात. मेसोनिकिडांना असं फारसं करता येत नसे. त्यांचे पाय पुढे-मागे हलायचे, बस्स. धावण्यासाठी हे चांगलं, पण भक्ष्याला कवटाळणं अशक्य.

मग शिकार कशी करत असतील? खरं तर यात अवघड काही नाही. लांडगा आणि तरस तरी कुठे पंज्याने पकडतात? त्यांची नखं बोथट असतात, आत ओढता येत नाहीत. पकडायचं, ओढायचं, फाडायचं सगळं काम जबड्याचं. मेसोनिकिडांचं मोठं डोकं, मानेचे जाड स्नायू बसण्याच्या जागा आणि लांब जबडा पाहिला की त्यांचा हिशोबही तोच होता हे दिसतं.

दात मात्र वेगळे. घरच्या कुत्र्याला हाड दिलंत तर एक गोष्ट हमखास दिसेल. तो पुढच्या दातांनी थोडा वेळ खेळतो आणि मग मान तिरकी करून हाड गालाच्या आत, जबड्याच्या कडेला नेतो. तिथे वरची एक आणि खालची एक अशा दोन दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींवर घासून जातात. यांना आपण कातरदाढा म्हणू. आजच्या मांसाहारी गणाची, म्हणजे वाघापासून मुंगसापर्यंत सगळ्यांची, ही घराण्याची खूण आहे. सील मासे खाऊ लागले तेव्हा त्यांनी ती सोडली, तो भाग वेगळा.

मेसोनिकिडांना कातरदाढा नव्हत्या. खालच्या जबड्यात एकसारख्या दाढांची रांग असे. प्रत्येक दाढेला पुढे एक उंच टोक आणि मागे एक बुटका उतार, बाजूने पाहिलं तर करवतीचे दाते वाटावेत. वरच्या दाढांना तीन बोथट उंचवटे, त्रिकोणात. तोंड मिटलं की खालची टोकं वरच्यांच्या मधल्या फटींत जाऊन बसायची. मांसाचे पातळ काप काढायला ही रचना कातरदाढांइतकी चांगली नाही. लचका तोडून गिळायला, आणि हाड फोडायला चालते. वयस्क प्राण्यांच्या दाढांची टोकं तर सपाट झिजलेली मिळतात. नुसत्या मऊ मांसाने दात असे झिजत नाहीत.

हाडं चघळणं ही खुरी प्राण्यांना तशी परकी गोष्ट नाही, हे जाता जाता सांगायला हवं. अंगात फॉस्फरस कमी पडलं की गायी-म्हशी हाडं, चपला, माती काहीही चघळतात, हे गोठा असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. हरणंही गळून पडलेली शिंगं कुरतडतात. पाणघोडे मेलेल्या जनावराचं मांस खाताना पाहिले गेले आहेत, आणि आफ्रिकेतली डुइकर ही बुटकी कुरंगं संधी मिळाली तर लहान पक्षी मटकावतात. शाकाहारी आणि मांसाहारी यांच्यातली भिंत आपण शाळेत शिकतो तितकी पक्की नसते. मेसोनिकिडांचे पूर्वज बहुधा असेच मिळेल ते खाणारे होते, आणि पुढे मांसाचा वाटा वाढत गेला.

कोण कोण होते

सर्वांत ओळखीचं आणि सर्वांत जास्त पसरलेलं नाव डिसॅकस. अंदाजे कोल्ह्याएवढा प्राणी, तिन्ही खंडांत. ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीचं तापमान भूगर्भशास्त्राच्या हिशोबाने अचानक, काही हजार वर्षांत, ५ ते ८ अंशांनी वाढलं. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात बिगहॉर्न खोरं नावाचा भाग आहे, तिथल्या खडकांत या उष्ण काळाची पानं एकावर एक रचलेली आहेत. तिथे मिळालेल्या डिसॅकसच्या दातांवरचे बारीक ओरखडे आणि खड्डे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा उष्ण काळात त्याच्या खाण्यात कडक वस्तू, म्हणजे बहुधा हाडं, वाढल्याचं दिसलं. शिकार कमी पडायला लागली की हाडही सोडायचं नाही. त्याच काळात इतर कित्येक सस्तन प्राणी आकाराने लहान झाले होते.

याच बिगहॉर्न खोऱ्यातला पॅकियेना हा गटातला दांडगा गडी. त्याच्या मोठ्या जातीचं माप अस्वलाएवढं. तेव्हाचे घोडे कुत्र्याएवढे असायचे, त्यामुळे त्याला आजूबाजूला भीती वाटावी असं मांसाहारी जनावर नव्हतं. न्यू मेक्सिकोतला अँकालॅगॉन त्याहूनही जुना, आणि आपल्या काळाच्या मानाने थोराड. चीनच्या आन्हुइ प्रांतातल्या सायनोनिक्सची जवळजवळ पूर्ण कवटी मिळाली आणि तिचं वर्णन १९९५ साली प्रसिद्ध झालं. ते लिहिणाऱ्यांत फिलिप जिंजरिच हे अमेरिकी संशोधक होते. हेही नाव लक्षात असू द्या.

मेसोनिक्सचं नामकरण एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८७२ साली केलं, तोही वायोमिंगचाच. त्यानंतरच्या काळात हार्पागोलेस्टीस येतो. त्याचा जबडा आणि झिजलेले दात पाहिले की तरसाची आठवण होते, हाडं फोडणारा म्हणूनच तो ओळखला जातो. आणि या सगळ्यांच्या बाजूला हॅपलोडेक्टीस हा छोटेखानी, अरुंद दातांचा चुलत भाऊ, ज्याला काही जण वेगळ्या कुळात घालतात.

ज्याच्या नावावर सगळे भाळतात तो अँड्र्यूसार्कस मात्र या यादीत नाही. का नाही, ते सांगतो.

१९२३ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीची मोहीम रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखाली गोबीच्या वाळवंटात फिरत होती. चीनच्या इनर मंगोलियातल्या इर्दिन मान्हा इथे मोहिमेतले कान च्वेन पाओ या चिनी साहाय्यकांना एक कवटी मिळाली. लांबी जवळजवळ ८३ सेंटिमीटर. जागेवर पाहणाऱ्या वॉल्टर ग्रँजर यांना वाटलं, हा डुकरासारख्या एन्टेलोडॉन्ट प्राण्यांपैकी कुणीतरी. कवटीचं रेखाटन न्यूयॉर्कला गेलं, तिथे विल्यम मॅथ्यू यांनी सांगितलं की डुकराबिकराचं नाही, हे आदिम मांसाहारी जनावर आहे. पुढच्या वर्षी हेन्री ओसबॉर्न यांनी त्याला मेसोनिकिडांत बसवलं, आणि मेसोनिक्सच्या शरीराच्या प्रमाणात हिशोब करून लांबी पावणेचार मीटरच्या पुढे नेली. इतिहासातला जमिनीवरचा सर्वांत मोठा मांसाहारी सस्तन प्राणी म्हणून त्याची चित्रं जगभर छापली गेली, अजून छापली जातात.

मिळाली होती फक्त कवटी. अंग नाही, पाय नाहीत, खूर तर नाहीतच. आणि अलीकडच्या अभ्यासांत तो मेसोनिकिडांपासून दूर, एन्टेलोडॉन्ट, पाणघोडे आणि देवमासे यांच्या बाजूला जाऊन बसला आहे. ग्रँजर यांनी वाळवंटात उभं राहून केलेला पहिला अंदाज उत्तराच्या जास्त जवळ होता. माप काढायला वापरलेला नमुनाच चुकीच्या घराण्यातला निघाल्यावर त्या पावणेचार मीटरांनाही फारसा अर्थ उरत नाही. चित्रांतला तो अजस्र लांडगा बघायला छान आहे, पण माझ्या मते तो कवटीपेक्षा चित्रकारांचाच जास्त आहे.

देवमाशांचे पूर्वज?

देवमासा हा सस्तन प्राणी आहे आणि त्याचे पूर्वज जमिनीवर राहत होते, हे १९व्या शतकातच स्पष्ट झालं होतं. कोणत्या जमिनीवरच्या प्राण्यापासून तो आला, हा प्रश्न राहिला. १८८३ साली विल्यम फ्लॉवर यांनी खुरी प्राण्यांकडे, त्यातही डुकरांसारख्यांकडे बोट दाखवलं होतं. १९५० मध्ये रक्तातल्या प्रथिनांच्या चाचण्यांतूनही देवमासे गाय-उंटांच्या गणाजवळ येतात असं दिसलं. या गणाला समखुरी म्हणतात. गाय, शेळी, उंट, डुक्कर, पाणघोडा हे सगळे त्यातले. पण हाडांवर काम करणाऱ्यांनी त्या चाचण्यांकडे फारसं लक्ष दिलं नाही.

१९६६ साली ली व्हॅन व्हेलन यांनी मेसोनिकिडांचं नाव पुढे केलं, आणि आधार होता दातांचा. सर्वांत जुन्या देवमाशांचे दात आजच्या डॉल्फिनसारखे एकसारखे सुळके नव्हते. त्यांच्या खालच्या दाढा म्हणजे उंच टोक, मागे उतार, एका रांगेत. अगदी मेसोनिकिडांसारख्या. वरच्या दाढांचे त्रिकोणही जुळत होते. लांबट कवटी होती, मांसाहार होता, काळही बसत होता. १९८१ मध्ये जिंजरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी पाकिस्तानात सापडलेल्या पाकिसीटसचं वर्णन केलं. पाच कोटी वर्षांपूर्वीचा हा देवमासा, आणि त्याचेही दात त्याच धाटणीचे. मग पाठ्यपुस्तकांत आणि संग्रहालयांत चित्र ठरून गेलं: नदीकाठी मासे खाणारा लांडग्यासारखा खुरी प्राणी हळूहळू पाण्यात उतरतो आहे.

१९९०च्या दशकात जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी या चित्राला धक्का दिला. त्यांच्या हातात जे पुरावे होते त्यातला एक समजून घेण्यासारखा आहे. सजीवांच्या डीएनएत काही तुकडे असे असतात जे स्वतःची नक्कल करून दुसऱ्या ठिकाणी घुसतात. एकदा घुसले की सहसा तिथून निघत नाहीत, आणि दोन प्राण्यांत नेमक्या त्याच ठिकाणी तोच तुकडा आपापला घुसण्याची शक्यता नगण्य. तेव्हा दोघांच्या डीएनएत एकाच जागी असा तुकडा सापडला, तर तो त्यांच्या सामाईक पूर्वजात घुसला होता असं समजायला हरकत नाही. जपानमधल्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं की असे काही तुकडे देवमासे, पाणघोडे आणि गाय-हरणांमध्ये एकाच जागी आहेत, आणि उंट-डुकरांमध्ये नाहीत. १९९९ मध्ये त्यांनीच देवमासे आणि पाणघोडे हे एकमेकांचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक असल्याचं मांडलं.

आता पंचाईत झाली. देवमासे जर समखुरींच्या आतच बसत असतील, पाणघोड्याच्या शेजारी, तर मेसोनिकिड पूर्वज कसे? मेसोनिकिडांचा डीएनए मिळण्याची आशा नाही, इतका काळ तो टिकत नाही. हाडंच हवी होती, आणि हवा होता देवमाशाचा पाय.

समखुरी प्राण्यांच्या मागच्या पायात, घोट्याशी, एक हाड असतं. शेळीचं ते हाड हातात घेतलं तर साधारण पेटीसारखं लागतं. वरच्या टोकाला कप्पीसारखी खाच, जिच्यावर नडगीचं हाड फिरतं. हे इतर प्राण्यांतही असतं. विशेष आहे ते खालचं टोक. तिथेही दुसरी कप्पी असते. दोन्ही टोकांना कप्पी असलेलं हे हाड समखुरींत मिळतं आणि दुसऱ्या कुणातही मिळत नाही. मंगोलियात मेंढ्यांच्या याच हाडांनी मुलंच काय, मोठी माणसंही खेळ खेळतात, प्राचीन ग्रीसमध्येही खेळत. आपल्या सागरगोट्यांना बिया लागतात, तिकडे घोटे लागतात, एवढाच फरक. मेसोनिकिडांच्या घोट्यात वरची कप्पी आहे. खालची नाही.

सप्टेंबर २००१ मध्ये, एकाच आठवड्यात, दोन शोधनिबंध आले. एक हान्स थेविसन आणि सहकाऱ्यांचा, पाकिस्तानातल्या पंजाबमधल्या पाकिसीटसच्या आणि त्याच्या भाईबंदाच्या सांगाड्यांवर. दुसरा जिंजरिच आणि सहकाऱ्यांचा, बलुचिस्तानातल्या आर्टिओसीटस आणि रोडोसीटस या देवमाशांवर. दोन्हींत घोट्याची हाडं होती आणि दोन्हींत दुहेरी कप्पी होती. पाय असलेल्या देवमाशाच्या घोट्यावर समखुरींचा शिक्का. जिंजरिच हे मेसोनिकिड-मताचे मोठे पाठीराखे. त्यांच्या स्वतःच्याच उत्खननातून उलटा पुरावा निघाला आणि त्यांनी तो तसाच छापला. विज्ञानात हे व्हायलाच हवं असं आपण म्हणतो, पण वीस वर्षं मांडलेलं मत असं सोडणं सोपं नसतं.

त्यानंतरचा दुवा भारतातला. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोट भागातून जीवाश्म असलेले दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते दगड थेविसन यांच्याकडे सोपवले. त्यातल्या एका कवटीवर काम चालू असताना कानाचं हाड चुकून तुटलं आणि त्याची एक भिंत जाड, भरीव दिसली. कानाच्या हाडाची अशी जाड भिंत तोवर फक्त देवमाशांत माहीत होती. हा प्राणी इंडोह्यस: मांजराहून थोडा मोठा, हरणासारख्या बारीक पायांचा, वनस्पती खाणारा समखुरी. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाच्या लेखकांत सुनील बाजपेयी आणि बी. एन. तिवारी हे भारतीय संशोधकही आहेत. देवमाशांचे जमिनीवरचे सर्वांत जवळचे नातेवाईक इंडोह्यसच्या कुळात सापडले. समुद्रात सील फाडणारा ऑर्का हा देवमासा वंशावळीने पाहिला तर समखुरीच आहे, त्यामुळे खुरी घराण्यातले शिकारी अजूनही आहेत. फक्त ते मेसोनिकिडांचे वारस नाहीत.

दातांनी फसवलं ते का? कारण दात खाण्याप्रमाणे घडतात. दोन वेगवेगळ्या घराण्यांतले प्राणी मांस-मासे तोडून गिळायला लागले तर पिढ्यानपिढ्या दाढांची रचना एकाच दिशेने सरकू शकते, आणि शेवटी दोघांच्या दाढा सख्ख्या भावांच्या वाटतात. घोट्याची दुहेरी कप्पीही पळण्यासाठीच घडली, पण ती एका घराण्यात एकदाच घडलेली दिसते. शिवाय पाकिसीटससारख्यांनी पाण्याचा रस्ता धरल्यावरही ती काही काळ तशीच राहिली. नात्यासाठी पुरावा म्हणून तिची किंमत जास्त आहे ती त्यामुळे. मेसोनिकिडांच्या पायात मधल्या दोन बोटांवर येणारा भार हाही असाच स्वतंत्रपणे आलेला असणार.

मग हे नेमके कोणाचे?

देवमाशांपासून सुटल्यावर मेसोनिकिड जरा पोरकेच झाले. काही विश्लेषणांत ते समखुरी आणि विषमखुरी (घोडा, गेंडा) यांच्या फांदीच्या बुंध्याजवळ येतात, काहींत आणखी लांब जातात. खुरी सस्तन प्राण्यांची मुळं शोधताना आपल्याकडचा एक दात चर्चेत येतो. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातल्या किसलपुरीजवळ दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, म्हणजे डायनोसॉर अजून जिवंत असतानाच्या काळातल्या गाळात, एक खालची दाढ मिळाली. २००७ मध्ये तिला खरमेरंग्युलॅटम व्हॅनव्हेलनी असं नाव दिलं गेलं. पहिला शब्द तिथल्या खरमेर नदीवरून, दुसरा त्याच व्हॅन व्हेलन यांच्यावरून. ती प्राचीन खुरी प्राण्याची असावी असं शोधकांचं म्हणणं. खुरी प्राण्यांचा उगम संहाराच्या आधीच झाला होता, असं सुचवणारा हा पुरावा आहे. पण एका दाढेवर किती भार टाकायचा, हा सावधपणा वर जे घडलं त्यानंतर तरी बाळगायलाच हवा.

मेसोनिकिड संपले कसे, याचं एकच कारण सांगता येत नाही. इओसीन काळाच्या (सुमारे ५ कोटी ६० लाख ते ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या) मध्यानंतर हवामान थंड आणि कोरडं होत गेलं, दाट जंगलं विरळ झाली, भक्ष्य बदललं, जास्त वेगाने पळू लागलं. दरम्यान कातरदाढा असलेली दोन घराणी पुढे सरकली होती. एक हायनोडॉन्ट या आता नामशेष झालेल्या शिकाऱ्यांचं, दुसरं आजच्या मांसाहारी गणाचं, ज्यातले मुंगसाएवढे पूर्वज आता मुंगसाएवढे राहिले नव्हते. मेसोनिकिडांच्या जाती कमी होत गेल्या. उत्तर अमेरिकेत हार्पागोलेस्टीससारखे हाडं फोडणारे इओसीनच्या उत्तरार्धापर्यंत टिकले, आणि आशियात मंगोलेस्टीस हा शेवटच्यांपैकी एक, सुमारे ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच सुमारास अंटार्क्टिकावर मोठा हिमस्तर साचू लागला आणि पृथ्वीचं हवामान एका नव्या, गार टप्प्यात गेलं.

खूर आणि मांस ही जोडी मात्र तिथेच थांबली नाही. ग्रँजर यांना इर्दिन मान्हात आठवले होते ते एन्टेलोडॉन्ट तोवर जम बसवून होते. त्यांच्यातला डेओडॉन खांद्यापाशी माणसाएवढा उंच, सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी आजच्या नेब्रास्कात फिरत होता. हे मिळेल ते खाणारे होते, मेलेलं जनावर, कंद, हाडं, सगळं, आणि त्यांच्या पायातलं घोट्याचं हाड दुहेरी कप्पीचं होतं.